घरातल्या एकाच संगणकावर सुरक्षा सॉफ्टवेअरची बीटा आवृत्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अशी अनेक घरे आहेत, जिथे संगणक एकच असतो आणि दिवसभरात त्याच्यासमोर बसणारी माणसे चार असतात. सकाळी वडील टॉवेलच्या मालाची बिले आणि ई-वे बिले काढतात, दुपारी मुलगी मराठी टंकलेखनाचा सराव करते, संध्याकाळी धाकट्याचा अभ्यास असतो आणि रात्री तंत्रज्ञानाची आवड असलेला थोरला मुलगा काहीतरी नवे बसवून पाहतो. त्याने अँटिव्हायरसची किंवा फायरवॉलची, म्हणजे इंटरनेटवरील ये-जा तपासून अडवणाऱ्या सॉफ्टवेअरची, बीटा आवृत्ती बसवली की त्रास उरलेल्या तिघांना होतो, आणि तो कशामुळे झाला हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. खालील उत्तरे विंडोज १० आणि विंडोज ११ असलेल्या घरगुती संगणकांसाठी आहेत, आणि ती बीटा बसवणाऱ्याइतकीच या तिघांसाठीही लिहिली आहेत.

बीटा आवृत्ती म्हणजे काय, आणि सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बाबतीत तिची एवढी काळजी का करावी?

सॉफ्टवेअर विक्रीला आणण्यापूर्वी कंपनी ते बाहेरच्या लोकांना वापरायला देते आणि त्यांच्याकडून आलेल्या तक्रारींवरून दोष दूर करते. या टप्प्यावरील आवृत्तीला बीटा म्हणतात. फोटो पाहण्याच्या किंवा गाणी ऐकण्याच्या सॉफ्टवेअरची बीटा बिघडली तर ते एक सॉफ्टवेअर बंद पडते, एवढेच. सुरक्षा सॉफ्टवेअरचे तसे नसते. प्रत्येक फाइल उघडताना, प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना आणि इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीच्या वेळी त्याला मध्ये उभे राहायचे असते, म्हणून त्याचे काही भाग विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रामच्या रूपाने बसवलेले असतात. तिथे चूक झाली तर ती त्या सॉफ्टवेअरपुरती राहत नाही. अख्खा संगणक थांबतो.

हा धोका केवळ कागदावरचा नाही, आणि तो फक्त बीटापुरताही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या तयार, विकल्या जाणाऱ्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक सदोष अपडेट गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. कारण तपासल्यावर असे दिसले की सॉफ्टवेअरच्या एका भागाला २० नोंदी अपेक्षित होत्या आणि अपडेटमध्ये २१व्या नोंदीचा संदर्भ होता. ती वाचायला गेलेला ड्रायव्हर कोसळला आणि त्याच्याबरोबर विंडोजही कोसळले. त्याआधी २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस समजून बाजूला काढली होती आणि अनेक संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले होते. ही दोन्ही सॉफ्टवेअरे चाचण्या पार करून आलेली होती. बीटाच्या चाचण्या तर अजून चालूच असतात आणि आपण तिचे परीक्षक असतो.

थोडक्यात सांगा : घरातल्या एकमेव संगणकावर बीटा टाकावी की नाही?

टाकू नये. ज्या संगणकावर घरातील दुसऱ्या कुणाचे उत्पन्न, परीक्षा किंवा बँकेचे व्यवहार अवलंबून आहेत आणि ज्याला पर्याय म्हणून दुसरा संगणक घरात नाही, त्यावर सुरक्षा सॉफ्टवेअरची बीटा बसवणे योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. विंडोजसोबत येणारे डिफेंडर घरगुती वापरासाठी पुरेसे आहे; ते अद्ययावत ठेवणे हे कोणत्याही बीटापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

मुलगा सायबर सुरक्षेचा अभ्यास करतो आणि त्याला शिकण्यासाठी बीटा वापरायची आहे. त्याला नाही म्हणावे का?

मुळीच नाही. मुलांना या विषयाची गोडी लागते आहे ही चांगली गोष्ट आहे. जागा मात्र बदलावी. घरात जुना, बाजूला पडलेला संगणक असेल तर तो त्याच्या हवाली करावा. त्यावर घरचा एकही कागद ठेवू नये आणि कुणाच्याही बँकेचा पासवर्ड टाकू नये. जुना संगणक नसेल आणि सध्याच्या संगणकात ८ जीबी किंवा त्याहून अधिक रॅम असेल, तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आभासी संगणक, म्हणजे संगणकाच्या आतच चालणारा दुसरा संगणक, उभारून त्यात बीटा बसवता येते. तो बिघडला तर आधी जतन केलेल्या स्थितीवर काही मिनिटांत परत जाता येते आणि बाहेरच्या विंडोजला त्याचा उपद्रव होत नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत विंडोज सँडबॉक्स नावाची सोय असते, पण ती होम आवृत्तीत मिळत नाही आणि बंद केल्यावर त्यातील सर्व काही पुसले जाते, त्यामुळे पुन्हा सुरू करावे लागणारे सुरक्षा सॉफ्टवेअर तपासण्यासाठी ती फारशी सोयीची नाही.

संरक्षण चालू आहे का हे पाहण्यासाठी कुणीही खरा व्हायरस उतरवून घेऊ नये. त्यासाठी आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. बहुतेक सर्व अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणून ओळखतात.

बीटाची लिंक आणि की एका ग्रुपवर मिळाली. तिथून घेतली तर चालेल का?

नाही. सुरक्षा सॉफ्टवेअरच्या नावाखाली दुष्ट सॉफ्टवेअर बसवून घेणे हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे आणि बीटाचे निमित्त त्याला सोयीचे पडते, कारण काही विचित्र घडले तरी वापरणारा म्हणतो की बीटा आहे, असे व्हायचेच. बीटा फक्त त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी. उतरवलेल्या फाइलवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर पाहावी. तिथे त्याच कंपनीचे नाव नसेल, तर फाइल चालवू नये. ती बसवण्यासाठी विंडोजचा टेस्ट मोड (अधिकृत सही नसलेले ड्रायव्हर चालू देणारी स्थिती) चालू करावा किंवा मेमरी इंटिग्रिटी (कर्नलचे रक्षण करणारी सोय) बंद करावी असे सांगितले जात असेल, तर सामाईक संगणकापुरता विषय तिथेच थांबवावा.

सगळे ऐकूनही बसवायचीच ठरली, तर आधी काय तयारी करावी?

सर्वांत आधी घरातील सर्वांना सांगावे. कोणत्या दिवशी बसवणार, त्या दिवशी कुणाचे काय काम आहे आणि दोन दिवस संगणक बंद राहिला तर चालेल का, हे विचारूनच दिवस ठरवावा. ज्या घरी जीएसटीचे काम चालते, तिथे महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आलेली असताना हे काम काढू नये. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरायचे असते, आणि उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते, कर थकला तर त्यावर व्याज वेगळे.

त्यानंतर बॅकअप. टॅलीचा डेटा, बिलांच्या फाइली, मुलांचे प्रकल्प आणि फोटो हे सर्व बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावे आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेलीच राहिली तर तिला बॅकअप म्हणता येणार नाही, कारण संगणकावर येणारे संकट तिच्यावरही येते. बॅकअप घेतल्यावर त्यातील दोन-तीन फाइली खरोखर उघडून पाहाव्यात. मग विंडोजमध्ये सिस्टिम रिस्टोअर (संगणक आधीच्या स्थितीवर नेणारी सोय) चालू आहे का ते तपासावे, कारण अनेक संगणकांवर ते मुळातच बंद असते, आणि एक रिस्टोअर पॉइंट तयार करावा. त्याने ड्रायव्हर आणि सेटिंग मागे नेता येतात, पण आपली कागदपत्रे परत मिळत नाहीत, म्हणून बॅकअपची गरज त्याने भागत नाही.

आता एक गोष्ट, जी जवळपास कुणीच तपासत नाही. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क कूटबद्ध केलेली असते, म्हणजे कीशिवाय तिच्यावरील काहीही वाचता येत नाही, आणि घरातल्यांना त्याचा पत्ताही नसतो. विंडोज सुरू होण्यात अडचण आली की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की बहुधा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला होता. सोलापुरातल्या घरांत ते खाते पुष्कळदा नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाचे असते, आणि त्याने ते वर्षानुवर्षे उघडलेलेही नसते. की मिळाली नाही तर डिस्कवरील माहिती कुणालाही, अगदी संगणक बनवणाऱ्या कंपनीलाही, परत काढता येत नाही. म्हणून बीटा बसवण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलाला फोन करावा, त्याच्याकडून की मिळवावी, कागदावर लिहून काढावी आणि घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. बीटाचा विचार नसला, तरी हे काम आजच करून ठेवण्यासारखे आहे.

शेवटी, सध्याच्या अँटिव्हायरसची बसवण्याची फाइल, त्याची परवाना की आणि नव्या बीटाच्या कंपनीचे सॉफ्टवेअर पूर्णपणे काढून टाकणारे साधन एका पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावे. इंटरनेट बंद पडल्यावर या गोष्टी शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

आमच्याकडे सर्वजण एकाच खात्यातून संगणक वापरतात. काही बिघडते का?

बिघडते, आणि बीटा नसतानाही बिघडते. एकच खाते असले की ते बहुधा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असते, म्हणजे सातवीतल्या मुलाने दाबलेल्या बटणालाही संगणकाच्या मालकाइतकाच अधिकार असतो. प्रत्येकासाठी वेगळे स्टँडर्ड खाते करावे आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे एक खाते वेगळे ठेवावे, ज्याचा पासवर्ड घरातील दोन मोठ्या माणसांना ठाऊक असेल. एकालाच ठाऊक असणे धोक्याचे आहे. तो परगावी असताना संगणक अडला, तर बाकीच्यांचे हात बांधले जातात.

मात्र वेगळी खाती केली म्हणून बीटाचा परिणाम एका खात्यापुरता राहील, असे समजू नये. ड्रायव्हर सर्वांसाठी एकच असतो, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली बाजूला कोंडून ठेवण्याच्या जागेत, गेलेली सामाईक फाइल सर्वांसाठी जाते आणि फायरवॉलने अडवलेला मार्ग सर्वांसाठीच अडतो. काही सेटिंग मात्र खात्यागणिक वेगळी असू शकतात, त्यामुळे थोरल्याच्या खात्यात सर्व सुरळीत आणि वडिलांच्या खात्यात ब्राउझर उघडत नाही, असेही घडते. बीटा बसवल्यावर प्रत्येक खात्यात जाऊन त्या माणसाचे रोजचे काम एकदा करून पाहावे. शिवाय एकाने खाते बंद न करता दुसऱ्याने आपले खाते उघडले, तर सुरक्षेची सूचना मागे दडलेल्या पहिल्या खात्यात येऊन थांबते आणि समोर बसलेल्याला काम का अडले हे कळतच नाही. म्हणून उठताना साइन आउट करण्याची सवय लावावी.

आधीचा अँटिव्हायरस तसाच ठेवून वर बीटा टाकली तर दुप्पट संरक्षण मिळेल ना?

मिळत नाही. दोन्ही एकाच फाइलला एकाच क्षणी तपासायला धावतात, एकमेकांच्या क्वारंटाइनमधील नमुन्यांवर संशय घेतात आणि संगणक जागीच अडकतो. आधीचे सॉफ्टवेअर पूर्ण काढावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच नवे बसवावे. डिफेंडर हाताने काढण्याची गरज नसते. दुसरा अँटिव्हायरस विंडोजकडे रीतसर नोंदला गेला की ते आपोआप बाजूला होते. बीटाची ही नोंदणीच कधी कधी अर्धवट होते, म्हणून बसवल्यानंतर विंडोज सिक्युरिटी उघडून संरक्षण कोणाच्या नावाने चालू आहे ते डोळ्यांनी पाहावे.

बीटा बसवल्यापासून मराठी टायपिंग बंद झाले. संबंध आहे का?

बहुधा आहे. मराठी टायपिंगची अनेक जुनी साधने आपण दाबलेली कळ विंडोजकडून मध्येच घेतात, तिचे देवनागरी अक्षरात रूपांतर करतात आणि पुढे पाठवतात. पासवर्ड चोरणारे कीलॉगरही कळा मध्येच घेतात. नियमित आवृत्तीच्या अँटिव्हायरसला ही भारतीय साधने परिचित झालेली असतात. बीटामध्ये वर्तनावरून ओळखण्याचे नियम नवे असतात आणि परदेशात बसून ते लिहिणाऱ्यांच्या संगणकावर मराठी टायपिंगचे साधन असण्याची शक्यता कमीच. मग टायपिंगचा प्रोग्राम सुरू होताच बंद केला जातो, किंवा चालू दिसतो पण पडद्यावर इंग्रजी अक्षरेच उमटत राहतात.

अशा वेळी बीटाच्या क्वारंटाइनमध्ये किंवा इतिहासात जाऊन त्या प्रोग्रामचे नाव आहे का ते पाहावे. असेल, तर तो परत आणण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा : ही प्रत अधिकृत आहे का? कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेल्या, कुलूप तोडलेल्या प्रतीत खरोखर व्हायरस असू शकतो आणि तिथे बीटाचा संशय खोटा धरता येणार नाही. प्रत अधिकृत असेल, तर ती फाइल परत आणावी, केवळ त्या एका प्रोग्रामला तपासणीतून सूट द्यावी आणि कंपनीला चुकीची ओळख झाल्याचे कळवावे. अख्ख्या सी ड्राइव्हला किंवा डाउनलोड फोल्डरला सूट देऊ नये.

दरम्यान मुलीचा सराव थांबायला नको. विंडोजमध्येच मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड असतो. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की तो मिळतो आणि विंडोजचाच भाग असल्यामुळे त्यावर सहसा संशय घेतला जात नाही. पण शासकीय टंकलेखन परीक्षेचा सराव ज्या सॉफ्टवेअरवर आणि ज्या कळरचनेवर चालू आहे, तिच्याऐवजी हा कायमचा पर्याय नव्हे. मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची गती बोटांना लागलेल्या वळणावर येते, आणि परीक्षा तोंडावर असताना ते वळण मोडणे म्हणजे त्या मुलीचे नुकसान आहे. परीक्षा जवळ असेल तर सूट देत बसण्यापेक्षा बीटा सरळ काढून टाकावी.

जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही होत नाही. टोकन तर चालू दिसते.

डिजिटल सही करताना ब्राउझर थेट टोकनशी, म्हणजे सही साठवलेल्या पेन ड्राइव्हसारख्या साधनाशी, बोलत नाही. आपल्याच संगणकावर चालणारे एमसाइनर नावाचे छोटे सॉफ्टवेअर मध्ये असते, ब्राउझर त्याच्याशी बोलतो आणि ते टोकनशी बोलते. बीटाच्या फायरवॉलला संगणकाच्या आतच चाललेला हा संवाद संशयास्पद वाटू शकतो. दुसरे कारण असे की, अनेक सुरक्षा सॉफ्टवेअरे सुरक्षित संकेतस्थळांवरील मजकूर तपासण्यासाठी स्वतःचे प्रमाणपत्र मध्ये घालतात. ब्राउझरमधील कुलपाच्या चिन्हावरून प्रमाणपत्र उघडले आणि देणाऱ्याच्या जागी सुरक्षा सॉफ्टवेअरचे नाव दिसले, तर हेच घडते आहे असे समजावे. बँकांची आणि सरकारी संकेतस्थळे अशा वेळी मध्येच अडतात.

उपाय करताना संपूर्ण संरक्षण बंद करू नये. आधी फक्त वेब तपासणी बंद करून पाहावी, नंतर ती चालू करून फक्त फायरवॉल. कोणत्या भागामुळे अडते ते कळले की त्या भागात एमसाइनरला आणि पोर्टलला सूट द्यावी. रॅन्समवेअरपासून (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) संरक्षण देणारा भाग टॅलीलाही स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये लिहू देत नाही, असे दिसले तर तिथेही टॅलीच्या मूळ प्रोग्रामला परवानगी द्यावी.

आज शेवटची तारीख असेल, तर या शोधात संध्याकाळ घालवू नये. व्यवसाय एकट्या मालकीचा किंवा भागीदारीचा असेल तर मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने रिटर्न भरता येते. कंपनीला आणि एलएलपीला डिजिटल सहीच लागते. त्यांनी टोकन घेऊन आपल्या सीएकडे जावे आणि घरचा संगणक रिटर्न भरून झाल्यावर पाहावा.

संगणक फार मंदावला आहे.

पहिल्या एक-दोन दिवसांत सर्व फाइलींची तपासणी चालते, तेवढा वेळ थांबावे. त्यानंतरही तसेच राहिले आणि संगणकात ४ जीबी रॅम व जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर त्याला हे ओझे पेलणारे नाही. बीटामध्ये दोष नोंदवणारे जादा भागही सतत चालू असतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा दुपारच्या वेळी पूर्ण तपासणी लावू नये, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःची गती कमी करतो आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला दिला जातो. तपासणी पहाटे किंवा रात्री लावावी. अपडेट चालू असताना वीज गेली तर ड्रायव्हर अर्धवट लिहिला जाऊ शकतो, म्हणून डेस्कटॉपला चालू स्थितीतील यूपीएस नसेल तर बीटाचा विचारच करू नये.

विंडोज १० चे अपडेट बंद झाले, म्हणून ताकदवान बीटा टाकली. भरपाई होईल का?

होणार नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोजमधील उघडी राहिलेली फट बाहेरचे सुरक्षा सॉफ्टवेअर बुजवत नाही.

सुरू करताना निळी स्क्रीन येते आणि संगणक पुन्हा पुन्हा बंद होतो. आता काय?

घाबरून लगेच फॉरमॅट करू नये. अशा बहुतेक प्रसंगांत माहिती डिस्कवर सुरक्षित असते. आधी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढावा, कारण तिच्यावर चूक करणाऱ्या ड्रायव्हरचे नाव कधी कधी लिहिलेले असते. नव्या अपडेट असलेल्या विंडोज ११ मध्ये ही स्क्रीन निळीऐवजी काळी असते.

लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होणे फसले की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर जाते. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन रीस्टार्ट करावे आणि आलेल्या यादीतून ४ दाबून सेफ मोड, म्हणजे फक्त अत्यावश्यक भागांनिशी विंडोज चालवण्याची स्थिती, निवडावा. डिस्क कूटबद्ध असेल तर वाटेत रिकव्हरी की मागितली जाईल. कपाटातला कागद याच वेळी उपयोगी पडतो. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, तेव्हा खात्याचा मूळ पासवर्ड ठाऊक असायला हवा.

सेफ मोडमध्ये बीटाचे ड्रायव्हर सहसा चढत नाहीत, म्हणून संगणक तिथे उघडतो. पण नेहमीच्या मार्गाने सॉफ्टवेअर काढायला गेले तर इन्स्टॉलर सेवा उपलब्ध नाही, असा संदेश येऊ शकतो; त्या मोडमध्ये ती सेवा मुळातच बंद असते, आपले काही चुकलेले नसते. पेन ड्राइव्हवर ठेवलेले कंपनीचे काढून टाकण्याचे साधन अशा वेळी वापरावे. तेही चालले नाही, तर त्याच दुरुस्तीच्या पडद्यावरून सिस्टिम रिस्टोअर निवडून बीटाच्या आधीच्या दिवसावर जावे. यातील काहीच जमले नाही आणि संगणक दुरुस्तीला न्यावा लागला, तर दुकानात देताना डेटा पुसायचा नाही हे पावतीवर लिहून घ्यावे आणि बीटाचे नाव सांगावे. ते सांगितले नाही तर दुरुस्ती करणारा आधी रॅम आणि डिस्क तपासत बसतो, आणि शेवटी फॉरमॅट हाच त्याला सोपा मार्ग दिसतो.

बीटा आमची माहिती कंपनीकडे पाठवते का?

पाठवते, आणि नियमित आवृत्तीपेक्षा सहसा अधिक पाठवते; दोष शोधणे हाच बीटाचा हेतू असल्यामुळे ते स्वाभाविक आहे. कोसळताना मेमरीत जे होते त्याची प्रत, संशयित फाइलींचे नमुने, भेट दिलेल्या संकेतस्थळांचे पत्ते हे सर्व त्यात येऊ शकते. करारावर होकार एकाने दिलेला असतो आणि माहिती मात्र चौघांची जाते, ही सामाईक संगणकावरील सर्वांत गंभीर गोष्ट आहे असे आम्हाला वाटते. आईच्या आजारपणाचे रिपोर्ट, वडिलांच्या ग्राहकांची नावे आणि बाकी रकमा, बहिणीने काय शोधले ते. यांवर थोरल्या भावाने परस्पर सही करण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकाच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. घरात असे मूल असेल तर हा विषय आई-वडिलांसमोर मांडूनच पुढे जावे.

सेटिंगमध्ये नमुने आपोआप पाठवण्याऐवजी विचारून पाठवा असा पर्याय असेल तर तो निवडावा. घरून हिशेबाची किंवा कर सल्ल्याची कामे करणाऱ्यांनी, ज्यांच्याकडे दुसऱ्यांचे पॅन आणि बँकेचे तपशील असतात, त्या संगणकावर बीटा बसवूच नये. तसेच खात्री करण्यासाठी कुणाचेही खासगी कागदपत्र व्हायरसटोटलसारख्या, फाइली तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर चढवू नये. तिथे दिलेली फाइल इतरांच्या हाती जाऊ शकते.

सूचना इंग्रजीत येतात आणि घरातले कुणीतरी काहीतरी दाबून टाकते. यावर काय करावे?

दोष दाबणाऱ्याचा नाही. आपल्या शहरात घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारी कन्नड बोलणारी माणसे आहेत; इंग्रजीत आलेल्या चार ओळींवर पाच सेकंदांत निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा त्यांच्याकडून करणे अन्यायाचे आहे. बीटामध्ये सूचना अधिक येतात आणि कधी कधी त्यांची वाक्येही अर्धवट असतात.

मॉनिटरच्या शेजारी घरच्या भाषेत हाताने लिहिलेला कागद चिकटवावा. त्यावर एवढेच असावे : लाल किंवा पिवळी चौकट आली तर काही दाबू नका, मोबाइलने फोटो काढा, फोटो अमुक व्यक्तीला पाठवा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. चौकटीत फोन नंबर दिसला तर त्यावर कधीही फोन करू नका, हे वाक्य ठळक लिहावे, कारण खरे सुरक्षा सॉफ्टवेअर अशा चौकटीत नंबर देऊन फोन करायला सांगत नाही. कुणी फोन केलाच आणि पैसे गेले, तर रागावण्यात वेळ न घालवता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर फसवणूक क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर नोंद होते, तितकी रक्कम मधल्या खात्यात थोपवली जाण्याची शक्यता अधिक.

कंपनीला दोष कसा कळवावा?

बीटाच्या आत त्यासाठी बटण असते. चालत नाही एवढे लिहून उपयोग होत नाही. विंडोजची आवृत्ती, बीटाचा बिल्ड क्रमांक, कोणत्या खात्यात घडले, काय करताना घडले आणि पुन्हा केल्यावर पुन्हा घडते का, हे लिहावे. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर उघडले तर कोणत्या दिवशी काय कोसळले याचा तक्ता मिळतो. मराठी टायपिंगच्या साधनांची आणि भारतीय सहीच्या टोकनांची नावे आवर्जून कळवावीत. आपण कळवले नाही, तर ती अडचण तशीच अंतिम आवृत्तीत जाते आणि मग राज्यभरातील घरांना तिचा त्रास होतो.

बीटाची मुदत संपत आली आहे. ती काढायची कशी, आणि अंतिम आवृत्ती तिच्यावरच चढवावी का?

चढवू नये. बीटाचे जुने ड्रायव्हर आणि सेटिंग मागे राहून अंतिम आवृत्तीत अकारण दोष दिसतात. मुदत संपण्याची वाटही पाहू नये, कारण त्या दिवशी बीटाचे चिन्ह कोपऱ्यात तसेच दिसत राहू शकते आणि संरक्षण मात्र थांबलेले असते; घरातल्यांना ते चिन्ह पाहून सर्व ठीक वाटते.

क्वारंटाइनमधून हव्या असलेल्या फाइली आधी परत आणाव्यात, कारण सॉफ्टवेअर काढल्यावर त्या मिळतीलच असे नाही. मग नेहमीच्या मार्गाने सॉफ्टवेअर काढून संगणक पुन्हा सुरू करावा, कंपनीचे सफाईचे साधन चालवावे आणि पुन्हा एकदा सुरू करावा. ब्राउझरमध्ये तिने जोडलेले एक्स्टेन्शन काढावे. त्यानंतर विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर परत चालू झाले आहे का ते पाहावे, त्याला अपडेट करून पूर्ण तपासणी लावावी आणि प्रत्येकाच्या खात्यात जाऊन टायपिंग, टॅली, सही आणि छपाई एकदा करून पाहावी. मधल्या दिवसांत संरक्षण बंद होते अशी शंका असेल, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत तपासणी साधने वापरता येतात. विंडोज सिक्युरिटीमध्ये अजूनही बीटाचेच नाव दिसत असेल तर ती पूर्ण निघालेली नाही. सफाईचे साधन सेफ मोडमध्ये पुन्हा चालवावे आणि ते नाव जाऊन डिफेंडर चालू झाल्याचे दिसेपर्यंत त्या संगणकावर बँकेचा कोणताही व्यवहार करू नये.